सुनेला आमच्याविषयी काही वाटतच नाही का?

प्रश्न : मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे. नागपुरात प्रतापनगर भागात आम्ही दोघे, मुलगा आणि सून असे एकत्र राहतो. सून ३१ वर्षांची असून सॉफ्टवेअरचे काम घरूनच करते. लग्नाला चार वर्षे झाली. गेल्या वर्षी तिने स्वतःहून तपासणी करून घेतली आणि तिला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचे निदान झाले. शिकलेली, कमावती मुलगी. इतकी वर्षे कोणाला काही कळले नाही, मग हे आताच कसे निघाले? माहेरी वळण लावले नाही, असेच मला वाटत आले आहे. या मे महिन्यात माझे मोठे भाऊ गेले. भाऊ-वहिनींना मूलबाळ नाही आणि ते आमच्याच गल्लीत राहत, त्यामुळे भेटायला येणाऱ्यांची बसाउठ आमच्या घरी होती. सून दहा-पंधरा मिनिटे बसायची आणि खोलीत निघून जायची. एकदाही रडली नाही. तिसऱ्या दिवशी मी रडत असताना तिने मला वहिनींच्या कौटुंबिक निवृत्तिवेतनाला कोणते कागद लागतील हे विचारले. नंतर तिने सगळी फाइल नीट लावून दिली हे मान्य आहे, पण तो क्षण मी विसरू शकत नाही. पुढे एकदा ती माझ्या मुलाला म्हणत असलेले माझ्या कानावर पडले : “या लोकांच्या रडण्यात खरं किती आणि दाखवायचं किती, ते मला कळतच नाही. माझ्यासारख्या माणसांशीच मला मोकळं बोलता येतं.” आता महालक्ष्म्या जवळ आल्या आहेत. नातेवाईक विचारतात, “सूनबाई कोणाशी बोलत काऊन नाही?” तिला भावना नाहीत का? आणि जुळवून नेहमी आम्हीच घ्यायचे का?

उत्तर : ताई, पाठचा आधार असलेला भाऊ जाणे काय असते, हे तुमच्या पत्रातून जाणवते. त्या दुःखात घरातल्याच माणसाने आपल्याकडे पाठ फिरवली असे वाटले, म्हणून ही जखम अजून ओली आहे. ती खरी आहे आणि पुढे जे लिहितो आहे ते तिला खोटे ठरवण्यासाठी नाही. तरीही तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : तुमच्या सुनेला भावना नाहीत, असे तुमच्या पत्रातून दिसत नाही. मला त्यात उलट गोष्ट दिसते.

घर माणसांनी भरलेले असताना, प्रत्येक जण गेलेल्या माणसाविषयी बोलत असताना, मागे राहिलेल्या बाईचा पुढचा महिना कसा निघेल याचा विचार त्या घरात कोणी केला? मूलबाळ नसलेल्या विधवेसाठी महानगरपालिकेच्या झोन कार्यालयातून मृत्यूचा दाखला आणणे, निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत शोधणे, बँकेच्या खात्यावर तिचे नाव आहे की नाही हे पाहणे, ही कामे कोणी न सांगता अंगावर घेणारी व्यक्ती त्या बाईच्या दुःखाशी जोडलेली नव्हती, असे म्हणता येणार नाही. तिने प्रश्न विचारला ती वेळ चुकीची होती. त्या क्षणी तुम्हाला पाठीवर हात हवा होता आणि समोर आला कागदांचा प्रश्न. पण वेळ चुकणे आणि मन नसणे या दोन गोष्टींत फार अंतर आहे. कानावर पडलेले तिचे वाक्यही याच जागी ठेवून पाहा. तिने तुमचे रडणे पाहिले आणि त्यात दाखवण्याचा भाग असावा असा अंदाज बांधला. तुम्ही तिचे न रडणे पाहिले आणि आत काहीच नसावे असा अंदाज बांधला. दोघींनीही समोरचीला विचारले नाही आणि दोघींचाही अंदाज चुकला.

ऑटिझम असलेल्या माणसांना दुसऱ्याचे मन कळत नाही, ही समजूत कोठून आली हे सांगणे आवश्यक आहे, कारण आज ती डॉक्टरांपासून शेजाऱ्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. १९८५ साली सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि ऊटा फ्रिथ या लंडनच्या संशोधकांनी मुलांना दोन बाहुल्यांची गोष्ट दाखवली. सॅली आपल्या टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, ॲन ती काढून स्वतःच्या डब्यात ठेवते. परत आल्यावर सॅली गोटी कोठे शोधेल? ऑटिझम असलेल्या २० मुलांपैकी १६ मुलांनी गोटी आता जेथे होती ती जागा दाखवली, म्हणजे सॅलीला हा बदल ठाऊक नाही ही गोष्ट त्यांनी धरली नाही. प्रयोग महत्त्वाचा होता. परंतु दुसऱ्याला काय ठाऊक आहे याचा अंदाज करणे वेगळे आणि दुसऱ्याचे दुःख पाहून आत कालवाकालव होणे वेगळे. या दोहोंची सरमिसळ होत गेली आणि लहान मुलांवरील एका प्रयोगाचा आधार घेऊन प्रौढ माणसांनाही “यांना सहवेदनाच नसते” असे म्हटले जाऊ लागले. इतक्या लोकांविषयी इतका मोठा निवाडा इतक्या लहान पुराव्यावर दिला गेला, याचे मला दुःख होते.

२०१२ साली डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने या समजुतीला उलट प्रश्न विचारला. मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांचे म्हणणे असे की, दोन माणसांत समज जुळत नसेल तर ती उणीव एकाच्याच डोक्यात आहे असे कसे मानायचे? ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन वाचणे जड जाते, तसे इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचे मन वाचणे जड जाते. फरक एवढाच की, पहिल्या अडचणीला निदान म्हटले जाते आणि दुसरीची नोंदही होत नाही. या विचाराला त्यांनी ‘डबल एम्पथी प्रॉब्लेम’ असे नाव दिले. तुमच्या घरात मे महिन्यात जे घडले त्याचे याहून नेमके वर्णन मला सुचत नाही.

२०१७ साली नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑटिस्टिक आणि इतर प्रौढ माणसांचे अगदी थोड्या वेळाचे बोलणे त्यांनी लोकांना निरनिराळ्या रूपांत दाखवले : कोणाला चित्रफीत, कोणाला नुसता आवाज, कोणाला फक्त बोललेले शब्द कागदावर लिहून. चित्र किंवा आवाज समोर असताना ऑटिस्टिक माणसांविषयीचे मत काही सेकंदांतच प्रतिकूल होत असे आणि त्यांच्याशी बोलावे, त्यांच्या शेजारी राहावे, असे पाहणाऱ्यांना कमी वाटत असे. तेच शब्द नुसते वाचायला दिले तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे माणसे नापसंत करत होती ती बोलण्याची ढब, चेहरा, नजर, आवाजाची पट्टी. बोलण्याचा आशय नव्हे. ताई, एक करून पाहा. तुमच्या सुनेने गेल्या चार वर्षांत तुम्हाला मोबाइलवर पाठवलेले संदेश एकदा सलग वाचा. तिचा सपाट आवाज आणि दुसरीकडे असलेली नजर बाजूला राहिली की त्यांत काय उरते, ते तुमचे तुम्हालाच दिसेल.

आपल्यासारख्यांशीच मोकळे बोलता येते, हे तिचे म्हणणेही तुसडेपणाचे मानू नका. एडिनबरोतील कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली केलेल्या प्रयोगात एक गोष्ट आठ जणांच्या साखळीतून कानोकानी पुढे पाठवली गेली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत ती गोष्ट सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीइतकीच शाबूत राहिली. मिश्र साखळीत मात्र तपशील लवकर गळत गेले. हेही सांगायला हवे की, २०२५ मधील बऱ्याच मोठ्या अभ्यासात माहितीच्या गळतीचा हा फरक आढळला नाही, त्यामुळे मिश्र जोडीत संवाद फसणारच असे मानण्याचे कारण नाही. माझ्या दृष्टीने ही तुमच्या घरासाठी चांगली बातमी आहे. मात्र ऑटिस्टिक माणसे एकमेकांशी बोलू शकतात, नाती जोडू शकतात, हे दोन्ही अभ्यासांतून दिसते. जिथे बोलण्याआधी शब्द तोलावे लागत नाहीत, तिथे तिला हायसे वाटत असेल तर ते तुमच्याविरुद्ध नाही.

वळणाच्या मुद्द्यावर मी थोडे कठोर बोलणार आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत काही नामवंत तज्ज्ञ ऑटिझमचा दोष मुलाच्या आईला देत. आई थंड वागली म्हणून मूल असे झाले, असे सांगत. त्या एका मताने किती आयांची आयुष्ये पोळली याची गणती नाही. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी, जे मानसशास्त्रज्ञही होते आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही, या मताला पुस्तक लिहून उत्तर दिले, आणि १९७७ साली सुझन फोलस्टीन व मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास करून यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दाखवले. तेव्हा विहीणबाईंवरचा हा आरोप कृपया मागे घ्या, मनातूनही. निदान उशिरा का झाले, याचे उत्तर अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ मधील निदान-पुस्तिकेतच आहे : लक्षणे लहानपणापासून असली तरी समाजाच्या अपेक्षा माणसाच्या कुवतीपलीकडे जाईपर्यंत ती पूर्ण उघडी पडत नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकली जातात. शाळेत हुशार आणि शांत असलेल्या मुलीकडे आपल्याकडे कोण तक्रारीच्या नजरेने पाहतो? सासरी आल्यावर मात्र रोजचे पाहुणे, रोजचे नाते सांभाळणे, आणि यांतले काहीच लिखित नियमांत नसते.

त्याच पुस्तिकेत आवाज, प्रकाश, वास, स्पर्श यांची तीव्र जाणीव हीदेखील प्रथमच निदानाच्या निकषांत आली. आता तुमचा मे महिना आठवा. नागपूरचे ऊन, खिडक्या बंद, हॉलमध्ये कूलरची अखंड घरघर, त्या घरघरीवर आवाज चढवून एकाच वेळी बोलणारी पंधरा माणसे, कूलरच्या ओल्या ताट्यांचा आणि उदबत्तीचा वास, सतत वाजणारे फोन. आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांना कूलर काही वेळाने ऐकू येईनासा होतो. अनेक ऑटिस्टिक माणसांच्या बाबतीत तसे होत नाही. प्रत्येक आवाज तितकाच पुढे राहतो आणि समोरच्याचे बोलणे त्यातून वेचून काढावे लागते. ती दहा-पंधरा मिनिटांनी उठत होती हे तुम्ही लिहिले आहे. ती दर वेळी पुन्हा येऊन बसत होती, हेही तुमच्याच वाक्यात आहे. ते तुम्ही लिहिलेत, पण बहुधा मोजले नाहीत.

आपल्या घरांतील बोलण्याची रीत हाही यातला मोठा भाग आहे. लेकी बोले सुने लागे, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. “आज फार काम पडलं बाई” असे हवेत सोडायचे आणि सुनेने उठून ओट्याशी यावे अशी अपेक्षा करायची; “राहू दे, मी करते” म्हणायचे आणि तिने ते ऐकून खरेच राहू दिले की मनात धरायचे. तुमच्या सुनेने पहिले वाक्य माहिती म्हणून घेतले असेल आणि दुसरे आज्ञा म्हणून, आणि दोन्ही वेळा तिच्या मते तिने तुमचा मानच राखला. सगळ्या ऑटिस्टिक माणसांना आडून बोललेले कळत नाही असे नाही, आणि कळले तरी ते उलगडण्यात थकवा येतो असे अनेक जण सांगतात. त्यामुळे तिला जे हवे ते नावानिशी सांगा : “अकरा वाजता पाहुणे येतील, त्याआधी मला कोथिंबीर निवडून हवी आहे.” हे उद्धटपणाचे वाटेल, सुरुवातीला जीभ अडखळेल, पण तिला ते सोयीचे जाईल. भावनांबद्दलही तसेच. “तुला काही वाटत नाही का?” हा प्रश्न तिला विचारू नका. ऑटिस्टिक माणसांपैकी काहींना स्वतःच्या आत काय चालले आहे ते शब्दांत पकडणे कठीण जाते; उत्तर “माहीत नाही” असे आले तर ते प्रामाणिक असते. त्याऐवजी “मला रडू येतं तेव्हा तू काही न बोलता शेजारी बसलीस तर बरं वाटतं” असे सांगा.

तिच्याकडूनही काही अपेक्षा आहे, आणि ती मी सोडून देणार नाही. बसायला आलेल्यांचे रडणे दिखाऊ होते, हा तिचा ग्रह अन्यायाचा आहे. आपल्याकडे दुःखाच्या घरी आलेली बाई सगळे ठाऊक असूनही “काय झालं होतं हो?” असे विचारते. तिला माहिती नको असते. घरच्या माणसाला ते सगळे पुन्हा एकदा सांगता यावे, सांगताना रडता यावे, यासाठी ती जागा करून देत असते. वहिनींनी तीच हकीकत दिवसातून कितीदा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी त्यांचा भार थोडा उतरला असेल. “जेवलात का?” या प्रश्नातही भुकेची चौकशी थोडी आणि आपुलकी जास्त असते. हे तुमच्या सुनेला बहुधा कोणी कधी उलगडून सांगितलेले नाही, कारण आपल्याला ते सांगण्याची गोष्ट वाटतच नाही. तुम्ही शिक्षिका होतात. हा धडा तुमच्याइतका चांगला तिला कोण शिकवेल? ऑटिस्टिक माणसांना खरेपणाची चाड असते असे म्हणतात, आणि बाकीचे लोक मुखवटे घालून वावरतात असे त्यांच्यापैकी काहींना वाटते. तोही पूर्वग्रहच आहे. ज्यांनी आपल्याला वर्षानुवर्षे विचित्र ठरवले त्यांच्याविषयी तो निर्माण होणे मी समजू शकतो, पण त्यामुळे तो खरा ठरत नाही.

आता जुळवून कोणी घ्यायचे. दोघींनी, हे खरे उत्तर आहे. निम्मे-निम्मे, हे मात्र खरे नाही. तुम्हाला अवघड जाते ते एका नात्यात, एका माणसापुरते. तिला शाळेत, कार्यालयात, बँकेत, लग्नसमारंभात आणि स्वतःच्या घरातही रोज इतरांच्या पद्धतीने वागण्याचा सराव करावा लागतो. स्वतःला झाकत राहण्याचा संबंध चिंता आणि नैराश्याशी अनेक अभ्यासांत आढळला आहे. ती तुमच्या घरात चार वर्षांपासून हे करते आहे आणि तुम्हाला ते दिसले नाही, कारण जमले तेव्हा ते दिसत नसतेच. म्हणून आता काही काळ अधिक पावले तुमच्या बाजूने पडावीत, असे मी सुचवतो. याचा अर्थ तिचे काहीही खपवून घ्या असा नाही. चारचौघांत तिच्या बोलण्याने तुम्हाला लागले तर त्याच दिवशी, एकान्तात, स्पष्ट सांगा : कोणते वाक्य लागले, का लागले, पुढच्या वेळी काय चालेल.

महालक्ष्म्यांसाठी तिला आधीच विचारून ठेवा, आणि पर्याय तिच्यापुढे ठेवा, निर्णय तिचा असू द्या. मखराची आरास करणे, सोळा भाज्यांचे आणि किराण्याचे सामान ठरवणे, जेवायला येणाऱ्यांच्या पंगतींचा हिशेब ठेवणे, यांतले एखादे काम ती कदाचित तुमच्यापेक्षा नेटके करेल; किंवा तिला आरतीपुरतेच यायचे असेल. किती माणसे, किती वाजता, जेवण कधी आटोपेल, हे दोन दिवस आधी लिहून द्या. मधेच खोलीत गेली तर कोणी दार वाजवायचे नाही, हे घरात ठरवून टाका.

नातेवाइकांना काय सांगायचे, याबाबत एकच अट : तिचे निदान तिच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगू नका, सख्ख्या बहिणीलाही नाही. तिने सांगा म्हटले तर सांगा. तोपर्यंत “काऊन बोलत नाही” याला “तिला गर्दीत त्रास होतो, निवांत या, छान बोलेल” एवढे उत्तर पुरेसे आहे, आणि ते तुम्ही ठामपणे, न ओशाळता दिलेत तर प्रश्न आपोआप थांबतील.

राहिले ते कानावर पडलेले वाक्य. ते मनात ठेवून वागू नका आणि मुलामार्फत निरोपही पाठवू नका. दोन्हीकडचे बोलणे इकडून तिकडे नेता नेता तो दमला असणार. तिला आधी संदेश पाठवून वेळ मागा, विषयही लिहा : “भाऊ गेले तेव्हाचं आपल्या दोघींना काय वाटलं, ते मला तुझ्याशी बोलायचं आहे. तुला बोलून जमेल की लिहून?” तिला लिहून सोयीचे असेल तर लिहून घ्या. त्या बोलण्यात फाइलबद्दल तिचे आभार माना, आणि ते वाक्य ऐकले होते व त्याने दुखावले गेले, हेही सांगा. यातून गुंता वाढला तर प्रौढांच्या ऑटिझमचा अनुभव असलेल्या समुपदेशकाकडे जा. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात (मेडिकल) आणि मिहानच्या एम्समध्ये मनोविकार विभाग आहेत, तेथे चौकशी करता येईल. मात्र तिला घेऊन जाऊ नका, दोघी मिळून जा, आणि तेथे आधी तुम्ही बोला.